स्थळ क्रमांक एकशे बारा

लहान पोरांच्या छातीवर मोठ्या माणसाचं थोबाड छापू नये, असा नियम आमच्या लीगच्या वहीत नव्हता. असा नियम लिहावा लागेल असं आमच्या बापजन्मात वाटलं नव्हतं. यंदा सहाही टीमचे टी-शर्ट आले ते पुढून ललितदादा, मागून ललितदादा. पुढचे हात जोडलेले, मागचे गॉगल लावलेले. पोरगं बॉल उचलायला वाकलं की ललितदादाही वाकायचे. आयुष्यात तेवढंच वाकले असतील.

माझा संताप कळायचा तर आधी लीग सांगितली पाहिजे.

मी समाधान. जळगावात मेहरूणमध्ये मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देतो, आणि मधल्या वेळात लोकांच्या खोड्या काढतो. आठ वर्षांपूर्वी समोरच्या हाशमभाईची जैनब शाळेतून बेसबॉल शिकून आली आणि रस्त्यापलीकडून तिनं माझ्या गोडाऊनची ट्यूबलाइट फोडली. सात वर्षांची पोर. मी भांडायला गेलो, तर हाशमभाई म्हणाला, "भाई, नेम बघितलास का?" बघितला होता ना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फुटकी ट्यूब टांगली, तीही फोडली. तिथून आमची लीग सुरू झाली.

कपाशी वेचून झाली की डिसेंबर-जानेवारीत आठ रविवार. जळगावच्या तीन टीम, रावेरची एक, दोंडाईचाची एक, धुळ्याची एक. सोळा वर्षांखालची पोरं, पोरी, सगळी एकत्र. हाशमभाई रिक्षाच्या सीटा शिवतो, तोच रेग्झिनचे बेस, म्हणजे पळताना पाय टेकायच्या गाद्या, शिवतो, आत काथ्या ठासून. बॉल उसवला की तोच टाके घालतो, एका बॉलला एकशे आठ, मोजून. दोंडाईचाची पोरं रेल्वेनं येतात म्हणून त्यांची मॅच नेहमी दुसरी. रावेरकर केळीचा अख्खा घड आणतात. शेवटच्या रविवारी भरीत-पुरी. अंपायर कधीच खेळणाऱ्या गावाचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी स्वतः लाल पेनानं लिहिला: बाकावरचं प्रत्येक पोर किमान दोन इनिंग मैदानात पाहिजे. मग त्याला कॅच येवो न येवो. कॅचरच्या मागे मी दोरी बांधतो, पोरांसाठी नाही, आईबापांसाठी. दोरीच्या आत येऊन ओरडणाऱ्या बापाला मी माइकवरून नावानिशी ओवाळतो.

अशी साधी आमची लीग. त्यात ललितदादा शिरले.

धुळ्याचा प्लॉटचा माणूस. वय पस्तीस, डोळा निवडणुकीवर. आमच्या मैदानाची परवानगी कुठंतरी अडकली होती, ती त्यांनी एका फोनमध्ये सोडवली. लगेच आमच्या कमिटीतले लोक विरघळले आणि त्यांना अध्यक्ष करून बसले. हाशमभाई आठ वर्षं अध्यक्ष होता, तो हसत हसत उपाध्यक्ष झाला. मी सेक्रेटरी होतो, तसाच राहिलो, कारण खांब कोण रोवणार?

अध्यक्ष झाल्याबरोबर सत्कार सुरू. इनिंग संपली की सत्कार. शाल, नारळ, दोन शब्द. मॅच सात इनिंगची आणि सत्कार अकरा! पोरं उन्हात उभी, बॉल टाकून तापलेले हात गार पडलेले, आणि स्टेजवर कुणाच्या तरी साडूला शाल. मी स्पीकरची वायर दोनदा काढली. तिसऱ्यांदा ललितदादांनी स्वतःचा भोंगा आणला.

हेही मी गिळलं असतं. पण मग त्यांनी धुळ्याच्या टीममध्ये पुना आणला.

पुना म्हणजे त्यांचा नवा पिचर, बॉल टाकणारा. वय लिहिलेलं पंधरा वर्षं सात महिने. पहिल्या रविवारी तो मोटारसायकलवरून आला, मागे आपल्याच टीमची दोन पोरं बसवून. गालावर ब्लेडनं कापलेलं ताजं होतं. त्यानं पहिला बॉल टाकला, आणि त्यांच्याच कॅचरनं हातमोजा काढून तळहाताकडं असं पाहिलं, जसं मास्तरची छडी खाल्ल्यावर पाहतात.

त्या संध्याकाळी माझ्या गोडाऊनमध्ये मीटिंग झाली. कागद तपासायचं काम आधारनानांचं. रावेरचे रिटायर पीटीचे मास्तर, आमचे मुख्य अंपायर. शिट्टी गळ्यात घालूनच झोपत असतील असा माणूस.

"नाना," मी म्हणालो, "हा पोरगा सोळाच्या आतला?"

"कागद तसं सांगतो."

"कागद सांगतो, पण दाढी वेगळं सांगते ना!"

ललितदादा खुर्चीत रेलून हसले. "समाधानभाऊ, खेड्यातली पोरं. दूधदुभतं खातात. लवकर वाढतात."

"दूध पिऊन मोटारसायकलचं लायसन मिळतं का?"

कमिटी खो-खो हसली, चहा प्यायली आणि उठली. हसण्यावारी नेलं, म्हणजे खरंच नेलं. ही माझ्या जन्माची शिक्षा आहे. मी खोड्या काढतो म्हणून माझं खरं बोलणंही लोकांना खोडीच वाटतं.

आता यात पणाला काय लागलं होतं, ते ऐका. राज्याच्या शिबिरासाठी आमची लीग दरवर्षी एक पिचर पाठवते. एकच. आठ रविवारांत जो जास्त गडी बाद करेल तो. जैनबला मार्चमध्ये सोळा पूर्ण होतात, म्हणजे यंदाच काय ते. पोरगी सकाळी सहाला तलावाच्या कडेला बापासोबत शंभर बॉल टाकते, मग शाळेत जाते. आठ वर्षं. फायनलच्या आधी वहीत आकडा होता: जैनब अठ्ठेचाळीस, पुना एकसष्ट.

मी हाशमभाईला म्हणालो, "तू बोल ना काहीतरी! तुझी पोर आहे."

तो बॉल शिवत होता. "म्हणूनच नाही बोलत. बाप बोलला की लोक म्हणतात, जळतो. पुरावा आण, समाधान. तुझ्या तोंडाचा भोंगा आठ वर्षं ऐकतोय सगळं गाव."

पुरावा मिळाला, तोही कुठं? टेबलाच्या पायाखाली. मागच्या वर्षी दोंडाईचाला एका समाजाचा वधू-वर परिचय मेळावा झाला, मंडप माझा. उरलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा बांबूसोबत ट्रकमध्ये आला. आमची पोरं त्यावर भेळ खातात, आणि हलणाऱ्या टेबलाखाली मी त्या घालतो. स्कोअरचं टेबल नीट करत होतो, पुस्तिका उघडी पडली, आणि पानावरून पुना माझ्याकडं बघत होता. स्टुडिओतला कोट घातलेला, बाह्या बोटांपर्यंत.

स्थळ क्रमांक एकशे बारा. जन्म चार मार्च दोन हजार दोन, पहाटे पाच दहा. उंची पाच फूट नऊ. आयटीआय फिटर. आवड बेसबॉल. अपेक्षा: मुलगी समजूतदार असावी. खाली आईचं नाव केसरबाई, गाव दोंडाईचाजवळचं, आणि मोबाइल नंबर.

मी नाचलो. खरंच नाचलो, गोडाऊनमध्ये, एकटा. मग कमिटी बोलावली आणि पुस्तिका टेबलावर आपटली.

ललितदादांनी पान पाहिलं. पापणी लवली नाही माणसाची. "हा त्याचा मोठा भाऊ."

"नावसुद्धा पुना?"

"घरात दोघांनाही पुनाच म्हणतात."

"वा! म्हणजे आईनं जेवायला हाक मारली की दोघंही एकाच ताटावर बसत असतील!"

पुन्हा हसले सगळे. एकानं तर माझ्या पाठीवर थाप मारली. आधारनाना मात्र हसले नाहीत. खाली बघून म्हणाले, "पुस्तिका सरकारी कागद नाही, समाधान. माझ्याकडं शाळेचा दाखला आहे, शिक्क्यानिशी. मी शिक्क्यापुढं काय करू?"

कमिटीतला एक जण हळूच बोलला, "पुढच्या वर्षी मैदान पाहिजे ना आपल्याला?"

म्हणजे कळलं का? बठ्ठ्यांना, सगळ्यांना ठाऊक होतं. दाढी दिसत होती, मोटारसायकल दिसत होती. सगळे गप्प, कारण मैदान. मग मैदान कशाला पाहिजे, यांचं कपाळ बडवायला? मी घरी आलो, जेवलो नाही. माझ्या बायकोनं विचारलं, "आज कुणाची खोडी अंगाशी आली?" तिलासुद्धा तसंच वाटलं.

तेव्हा म्हटलं, ठीक. खोडीच पाहिजे ना?

फोन लावला. आवाज जाड केला.

"केसरबाई का? मी रावेरहून बोलतो. मुलीचा मामा. पुस्तिकेत एकशे बारा नंबर पाहिला."

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला. "हा! हा! बोला भाऊ, बोला!"

"मुलगा पाहायचा होता. पुढच्या आठवड्यात कधी..."

"पुढला आठवडा कसाले? येत्या रईवारले पोर्‍या जळगावले खेळाले जाई ऱ्हायना. मेहरूणना मैदानवर. तुमले रावेरथीन जवळ. मी बी येस. तठेच पाही ल्या!"

मी म्हणालो नव्हतो हो, मैदानावर! मी फक्त वय वदवून घेणार होतो, फोनवर रेकॉर्ड करून. पण आमच्याकडं सध्या मुलगी मिळणं म्हणजे काय, हे खानदेशात ज्याच्या घरी पोरगा आहे त्यालाच विचारा. त्या माउलीला आलेलं स्थळ एक रविवारसुद्धा थांबवायचं नव्हतं. "असल दाखलाबी आनस," ती म्हणाली, "पोरवाला इचारतस." पोरवाला म्हणजे मुलीकडचे.

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. हसू येत होतं. खोटं कशाला बोलू.

फायनल मेहरूण विरुद्ध धुळे. चौथी इनिंग संपली, दोन-दोन. जैनबनं पाच गडी उडवले होते, पुनानं सात. माझ्या टेबलाशी एक बाई आली. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत पेढ्यांचा बॉक्स आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद.

"भाऊ, रावेरना मामा उनात का?"

मी काही बोलायच्या आत स्टेजवरून ललितदादांची नजर पडली. नऊवारीतली म्हातारी, मागे पोरं, समोर फोटोग्राफर. त्यांनी कुणाला तरी विचारलं, ही कोण. कळलं, पुनाची आई. झालं! माणूस माइकवर उडालाच.

"आपल्या स्टार खेळाडूची माता आपल्यात आलेली आहे! या माउलीचा सत्कार झाल्याशिवाय पाचवी इनिंग सुरू होणार नाही!"

मी देवाशपथ सांगतो, मी काहीच केलं नाही. सत्कार त्यांचा, शाल त्यांची, भोंगासुद्धा त्यांचाच. त्यांनी स्वतःच्या हातानं केसरबाईंच्या तोंडापुढं माइक धरला. "माउली, दोन शब्द!"

केसरबाईंना वाटलं, मामा गर्दीत कुठंतरी बसलेत. त्यांनी पदर सावरला.

"राम राम बठ्ठासले. मी पुनानी माय. मना पोर्‍या तेवीस वरीसना शे. आयटीआय व्हयेल शे. बिडी नही, तंबाखू नही. मामा कोठे बठेल व्हतीन त्यासनी पाही ल्या, तो मझार मैदानमा उभा शे. आनि हाऊ दाखला, शाळाना, असल शे!"

कागद वर धरला. ललितदादांचा भोंगा कुंईं करत होता.

ललितदादा माइक ओढायला लागले. "माउलींचा गोंधळ झाला, हे मोठ्या मुलाचं..."

"मोठा कोन?" केसरबाई म्हणाल्या. "माले एकच पोर्‍या शे!"

आणि पुना? मला वाटलं पळेल. त्यानं टोपी काढली, हळूहळू चालत आधारनानांकडं आला आणि बॉल त्यांच्या हातात ठेवला. "मी तेवीसचा, मास्तर. दादा म्हणाले, खेळाचं सर्टिफिकेट मिळालं की भरतीत जागा लागेल. दुसरा दाखला त्यांनीच काढून आणला."

आधारनानांनी असल दाखला वाचला, दोनदा. मग जी शिट्टी फुंकली, तलावावरचे बगळे उडाले.

नियम असा: वयाची लबाडी सिद्ध झाली आणि कॅप्टननं लेखी तक्रार दिली तर मॅच तिथंच दुसऱ्या टीमला. कॅप्टन जैनब. मी कागद-पेन घेऊन धावलो. "लिही!"

ती बाकाकडं बघत होती. धुळ्याच्या बाकाकडं. तिथं एक बारकी पोर बसलेली, वृषाली नावाची, बारा वर्षांची. "काका, ही पण पिचर आहे ना? आठ रविवार एकदाही आली नाही मैदानात. नियम होता ना दोन इनिंगचा?"

मी वही उघडली. शप्पथ सांगतो, मान खाली गेली. पुनाच्या दाढीमागं मी इतका लागलो होतो की माझा लाल पेनचा नियम रोज माझ्या नाकासमोर मोडत होता आणि मला दिसला नव्हता. सेक्रेटरी म्हणे!

"मी नाही लिहीत," जैनब म्हणाली. "पुनाभाऊ बाहेर, वृषाली आत. खेळू द्या."

खेळले. आणि त्या वृषालीनं काय केलं माहितीय? जैनबलाच बाद केलं, तीन बॉलमध्ये. आम्ही मॅच हरलो, तीन-दोन. पुरावा आणला मी, उघडं पाडलं मी, आणि कप गेला धुळ्याला! जाऊ दे, कपावरही ललितदादांचाच फोटो होता. धुळ्याच्या पोरांनी मात्र टी-शर्ट उलटे करून घातले आणि मगच कप घेतला.

पण आकड्यांत पुना कटला. जैनब पहिली. आधारनानांनी शिबिराचा फॉर्म काढला, स्वतःची सही केली, माझी घेतली. तिसरी सही अध्यक्षाची. अध्यक्ष गाडीकडं निघालेले.

"दादा, सही!"

"लीगचा तमाशा केला तुम्ही. यंदा कुणाचंच नाव जाणार नाही," म्हणाले. "मीच सही करत नाही."

ऐका! चोरी यांची आणि शिक्षा पोरीला! आणि कमिटी? बुटांच्या लेस बांधत होती सगळी, जशी काय सगळ्यांची एकदम सुटली.

मी हाशमभाईचा हात धरला. "तू उपाध्यक्ष. कर सही."

त्यानं हात सोडवला. डोळ्यांत पाणी होतं, आवाज सरळ होता. "पोरीच्या कागदावर बापाची सही नाही चालणार, समाधान. ती शिबिराला जाईल तर कुणी बोट दाखवणार नाही अशी जाईल. नाही तर इथंच बॉल टाकेल."

असा माणूस! याला हलवावं की पाया पडावं, कळेना.

तेवढ्यात केसरबाई माझ्यासमोर. मघापासून त्या बाकावर बसून सगळं बघत होत्या. फोनवरचा आवाज त्यांनी ओळखला होता.

"तूच का रे तो मामा?"

मी मान हलवली.

"पोर कोठे शे?"

"नाही, अक्का. मुलगी नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पेढ्यांचा बॉक्स पिशवीत आत ढकलला आणि म्हणाल्या, "मी सकायपासून काही खादेल नही. पोर पसंत पडी, मंग गोड खासू म्हने. त्यानी मना पोर्‍याले फसाडं. आनि तू माले."

सत्तेचाळीस वर्षांत माझ्या कुठल्याच खोडीला असं उत्तर मिळालं नव्हतं. मी हात जोडले. त्यांनी बघितलंही नाही. वळल्या आणि तरातरा ललितदादांच्या गाडीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. बॉनेटला टेकून.

"ए दादा. मना घर तीन येळा चहा पिधा तू. मना पोर्‍यानं नाव खोटा कागदवर कोनी लिखं?"

"अक्का, बाजूला व्हा."

"तूच लिखं. तवय हात दुखना नही तुना. मंग या पोरनं नाव खरा कागदवर लिखाले काय दुखस?" त्यांनी दाखला पिशवीतून काढून छातीशी धरला. "नही त हाऊ कागद लिसन मी धुयाले तुना दारशी बठस. उपाशी त शेच मी."

धुळ्याच्या पोरांचे आईबाप गाडीभोवती जमले. नुसते उभे राहिले. आणि तेव्हा आमच्या कमिटीच्या लेसही बांधून झाल्या, तेही येऊन उभे राहिले. लवकर आले म्हणायचे!

ललितदादांनी गाडीच्या खिडकीतून हात काढून सही केली. आधारनानांनी सही खोटी नोट तपासावी तशी डोळ्याजवळ धरून तपासली. मग केसरबाईंना आम्ही भरीत वाढलं. जैनबनं पहिला घास भरवला. पेढ्यांचा बॉक्सही तिनंच फोडायला लावला.

जाताना केसरबाईंनी मला बोट दाखवलं. "मामा व्हयना ना तू? आते खरा मामा व्हय. पोर शोध."

जैनब गेली शिबिराला. बापानं रिक्षाच्या लाल रेग्झिनची बॅग शिवून दिली. पुना आता दर रविवारी धुळ्याच्या पोरांना शिकवतो, वृषालीचा हात बघा कधी. लाल पेनाचे नियम एकाचे चार झालेत. मैदानाच्या परवानगीसाठी कमिटी स्वतः रांगेत उभी राहतेय, पाय दुखतात म्हणे. दुखू द्या.

आणि मी? कुठंही मेळाव्याचा मंडप लागला की पहिली पुस्तिका माझी. सतरा घरी फोन केले. परवा रावेरला एक ठिकाण जुळत आलं. मुलगी शिकलेली, समजूतदार, खरा मामा फोनवर. मी सगळं सांगितलं, आयटीआय, बिडी नाही, तंबाखू नाही.

मामा म्हणाला, "ते ठीक आहे हो. पण मुलाचं वय काय? आमच्या इकडं बोलतात, धुळ्याकडून खेळतो तो पुना, त्याला अजून सोळासुद्धा पूर्ण नाहीत म्हणून. पोरासोरांशी लग्न लावायचं का आमच्या मुलीचं?"

असा संताप आला म्हणून सांगू! उद्या सकाळच्या गाडीनं मी रावेरला निघालोय. केसरबाईंनी असल दाखला माझ्या हातात दिलाय, त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून. आणि तिथं साक्षीला आधारनाना आहेत, शिट्टी गळ्यात घालून.